हिरव्या ट्रिब्यूनचं दार

पोर्ट हॅरो, मिशिगन
सप्टेंबर १९८७

प्रिय रोमेक,

आधी खाली बस आणि मग हे वाच. घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. तुझे बाबा ठणठणीत आहेत. आत्ता मागच्या अंगणात टोमॅटोची वाळलेली झाडं उपटतायत आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं स्वतःशीच कुरकुरतायत. पण या महिन्याच्या सुरुवातीला कामगार दिनाच्या पिकनिकला जे झालं ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोन आहे स्वयंपाकघरात, आणि भिंतींना कान असोत नसोत, तुझ्या बापाला आहेत. शिवाय काही गोष्टी बोलायला गेलं की मला रडू येतं. लिहिताना निदान डोळे पुसून पुढचं वाक्य लिहिता येतं.

कारखाना बंद होतोय हे तुला टेनेसीत कळलंच असेल. तुमच्या त्या जपानी कंपनीत तर पेढे वाटले असतील! जाऊ दे, रागावू नकोस, तुझ्या आईची जीभ तुला माहीत आहे. आम्हाला कसं कळलं ते ऐक. गुरुवार होता, बाबांची सकाळची पाळी, घरी येऊन बीटाचं सूप घेऊन बसले होते. रेडिओवर बाई हवामान सांगावं तशा सुरात बोलली, की ब्रॅडवेल मोटर्स पोर्ट हॅरोचा कारखाना वसंत ऋतूत कायमचा बंद करणार, आणि ट्रिब्यून गाडी यापुढं मेक्सिकोत बनणार. मला आधी वाटलं दुसऱ्याच कुठल्या तरी गावाची बातमी आहे. मग तिनं पुन्हा आपलं नाव घेतलं. माझ्या हातातली पळी सूपमध्ये पडली, टेबलावरचं पांढरं कापड सगळं लाल. तुझ्या बाबांनी काय करावं? उठून रेडिओ बंद केला, परत बसले, आणि म्हणाले, "लोडी, ब्रेड दे." बस्स! अरे, गावावर आभाळ कोसळलं आणि ह्या माणसाला ब्रेड हवा!

मग पुढचे कितीतरी दिवस एकच पालुपद. म्हणे ही युनियनला घाबरवायची चाल आहे, कराराच्या आधी ते असंच करतात. म्हणे ब्रॅडवेल हे गाव सोडून जाईलच कशी? शाळेला नाव त्यांचं, दवाखान्याला नाव त्यांचं, पुलाला नाव त्यांचं. मी म्हटलं, "कॅझ, नाव तर थडग्यावरही असतं." तर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

तुला तर ठाऊकच आहे, ह्या घरात ब्रॅडवेलविरुद्ध एक शब्द काढायची सोय नव्हती. आणि मला हेच कधी समजलं नाही, रोमेक. ज्या म्हाताऱ्या ब्रॅडवेलनं बग्गीच्या चाकांपासून सुरुवात केली त्याचं चित्र युनियनच्या हॉलमध्ये देवासारखं टांगलेलं, आणि त्याच म्हाताऱ्यानं तुझ्या आजोबांच्या डोक्यात पोलिसांना काठ्या घालायला लावल्या होत्या! सदतीसच्या हिवाळ्यात आजोबा आणि त्यांचे सोबती कारखान्यात ठाण मांडून बसले, यंत्रं सोडून बाहेर यायला तयार नाहीत. तुझी बुशा, बाबांची आई, खिडकीतून त्यांना पाव आणि उकडलेली अंडी द्यायची. कंपनीनं आतली गरम हवा बंद केली, लोक गाड्यांच्या सीटांवर एकमेकांना बिलगून झोपले. पण म्हातारा एकदा नमला, करार झाला, आणि बघता बघता सगळे ते विसरले! युद्धात तिथंच विमानांची इंजिनं झाली, बुशानं डोक्याला फडकं बांधून तिथंच काम केलं. मग आली घरं, अंगणं, तळ्याकाठची सुट्टीची घरकुलं. गाव म्हणायला लागलं, ब्रॅडवेल आपली आई आहे. बुशा मात्र मरेपर्यंत म्हणायची, "आई कसली, सासू! खायला घालते, पण घास मोजते."

आणि त्या काळी गाड्याही होत्या तशाच, खोटं कशाला बोलू. दर शरद ऋतूत नवीन मॉडेल यायचं तेव्हा मुख्य रस्त्यावरच्या दुकानाच्या काचांना आतून कागद लावलेले असायचे. सगळं गाव बँड घेऊन बाहेर उभं. कागद फाडला की "आ हा हा!" तुझ्या बाबांनी मला मागणी घातली ती त्याच गर्दीत. खरं सांगायचं तर माझ्याकडे न बघता, नव्या गाडीच्या दाराकडे बघत घातली. मला तेव्हाच कळायला हवं होतं!

दार! तुझ्या बापाचं आयुष्य म्हणजे दार. साच्यातून आलेलं दार कधीच नीट बसत नाही, हे मी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकले. फटीत लाकडी फळी घालायची, गुडघ्यानं उचलायचं, हातोडीनं अलगद ठोकायचं, आणि मग लावून बघायचं. आवाज "धप्" असा आला पाहिजे. "खडाम" आला तर पुन्हा. तू लहान असताना चर्च सुटल्यावर हा माणूस अंगणातल्या लोकांच्या गाड्यांची दारं उघडून लावून बघत फिरायचा, आणि मी पाद्रीबाबांशी बोलतेय असं दाखवत लाजेनं अर्धी व्हायची. तू मात्र त्याच्या मागं मागं, "हे धप् आहे ना बाबा?" करत.

मग ते वाईट दिवस आले. गाड्यांचा पत्रा दोन हिवाळ्यांत गंजायला लागला. दारांना वेळ मिळेना, गाड्या पुढं नेणारी साखळी जोरात पळवायची, बसलं तर बसलं नाही तर पुढं ढकला. बाबा घरी येऊन जेवायचे नाहीत. वरच्या साहेबाला सांगायला गेले तर तो म्हणाला, "कॅझ, गिऱ्हाईक दार बघून गाडी घेत नाही." सगळ्या देशात विनोद सुरू झाले. तुझ्या मामानं ईस्टरच्या जेवणावर तो विनोद सांगितला, आठवतं? "ब्रॅडवेल घेतलीस? मग चालायचे बूटही घे!" बाबांनी भरल्या ताटावरून त्याला घराबाहेर काढलं. बाहेर ब्रॅडवेलची बाजू घेऊन भांडायचं, आणि तळघरात एकट्यानं डोकं धरून बसायचं. मी जिन्यावरून बघितलंय.

आणि मग तुलाही ब्रॅडवेलनं कामावरून काढलं. परत बोलावतील म्हणून तू वाट बघितलीस, किती बघितलीस, मी साक्षीला आहे. शेवटी टेनेसीत त्या जपानी कंपनीनं तुला घेतलं. नाताळला तू त्यांची ती छोटी निळी गाडी घेऊन दारात उभा राहिलास, आणि बाबा काय बोलले ते मी लिहीत नाही, तुला पाठ असेल. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारा" हे त्यातलं सगळ्यात सौम्य होतं. सात वर्षं, रोमेक. बुशाच्या अंत्ययात्रेला तुझी गाडी रांगेत चालणार नाही म्हणाले, आणि तू ती बाजाराच्या मागं लावून बर्फातून चालत आलास. कबरीपाशी तुम्ही दोघं समोरासमोर उभे, मध्ये एक खड्डा. त्या दिवसापासून मी देवाकडे दुसरं काही मागितलेलं नाही. तुम्ही दोघं एकमेकांशी एक वाक्य बोला, मग ते शिवीचं का असेना.

आता पिकनिकचं. दर वर्षी काय होतं ते तुला माहीत आहे. युनियन कुठून तरी एखादी मोडकी जपानी गाडी आणते, तिच्यावर ताडपत्री टाकतात, आणि मुलांच्या खेळण्यांसाठी वर्गणी म्हणून एक डॉलर टाकला की गाडीवर हातोड्याचा एक घाव. पहिला घाव तुझ्या बाबांचा, हा मान दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही. तू गेल्यापासून तर ते असा घाव घालतात की मी दर वर्षी सॅलडच्या भांड्यात तोंड खुपसून बसते. कारण गाडी कुठलीही असो, तो घाव कुणावर पडतोय हे मला कळतं.

ह्या वर्षी गर्दी दुप्पट होती आणि कुणी हसत नव्हतं. डेल, युनियनचा अध्यक्ष, तो लाल मानेचा, व्हॅनवर चढून ओरडला, "पहिला घाव नेहमीप्रमाणे आमच्या कॅझचा!" बाबांनी मोठा हातोडा घेतला, तळहातावर थुंकले, आणि डेलनं ताडपत्री ओढली.

ट्रिब्यून होती. आपली ट्रिब्यून! हिरवी, आपल्याच कारखान्यातली!

अरे, कुणाच्या तरी हातातली बाटली पडली तीच काय ती ऐकू आली. आणि मग जो गलका उठला! शिट्ट्या, शिव्या, "फोड तिला, कॅझ! फोड!" ज्या लोकांनी जन्मभर त्या गाडीचं कुंकू लावलं ते, रोमेक! मिसेस केंपा, जिनं नवऱ्याच्या शवपेटीत ब्रॅडवेलचा बिल्ला ठेवला, ती खुर्चीवर उभी राहून किंचाळत होती. बाबांचा चेहरा पिठासारखा पांढरा. मला वाटलं, झालं, ह्याचं काळीज आता इथंच थांबणार.

त्यांनी हातोडा खाली टेकवला. गाडीभोवती एक फेरी मारली. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. ते बिजागरीवरून खाली लोंबलं. लावलं. "खडाम." पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "खडाम." मग डेलला म्हणाले, "एखादी फळी आण."

"फळी कशाला?" डेल म्हणाला. "हातोडा आहे ना हातात?"

"आण म्हणतो ना! तुझी कीर्तनं नंतर!"

कुणी तरी बाकाची सुटलेली फळी आणून दिली. आणि ह्या माणसानं, शंभर माणसं रक्तासाठी ओरडत असताना, दार गुडघ्यावर घेतलं, फटीत फळी घातली, आणि तो एवढा मोठा हातोडा दोन्ही हातांनी लोखंडाजवळ धरून, अंड्याला टिचकी मारावी तसा ठोकला. लावून बघितलं. जमलं नाही. पुन्हा काढलं. लोक "अरे काय करतोयस म्हाताऱ्या!" करत होते, ते हळूहळू थांबले. काही जण मागून हसले. बाबांना काहीच ऐकू येत नव्हतं. घाम हनुवटीवरून टपटपत होता. आणि मग त्यांनी दार लावलं. "धप्."

हातोडा डेलच्या हातात दिला आणि म्हणाले, "आता फोडा. फोडायचीच तर नीट बसवलेली फोडा. त्या साहेबांनी आपल्याला कधी करू दिली नाही तशी." आणि निघाले. मैदान ओलांडून, फाटकातून, पायी घराकडे. मागं वळून बघितलं नाही.

आता तुला वाटेल की मग लोकांना लाज वाटली, कुणी हात लावला नाही. छे! मिसेस केंपानं डेलच्या हातून हातोडा ओढला आणि पहिला घाव त्याच दारावर घातला. रडत रडत. मग सगळे तुटून पडले. आणि आता जे लिहिते ते वाचून तुझ्या तोंडाला कुलूप पडेल. मी रांगेत उभी राहिले. मी! तुझी आई, जी माशीसुद्धा हाकलते, मारत नाही. डॉलर टाकला, हातोडा उचलला, मला तो पेलवत पण नव्हता, आणि पुढच्या दिव्यावर मारला. मग दुसऱ्या दिव्यावर. मग बिल्ल्यावर. मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. डोलोरेस, आपली शेजारीण, सांगते की मी तुझं नाव घेत होते. मला धरून बाजूला आणलं. बाही काचेनं भरली होती. मला माझाच एवढा धक्का बसलाय की आरशात बघताना ही बाई कोण असं वाटतं. पण खरं सांगू? मला पश्चात्ताप होत नाही. त्या गाडीनं माझा नवरा घेतला, मग मुलगा घेतला, आणि आता म्हणते मी मेक्सिकोला चालले!

घरी आले तर बाबा पायऱ्यांवर बसलेले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी माझी बाही बघितली आणि चिमट्यानं एक एक काच काढत बसले. मी म्हटलं, "मी पण मारलं, कॅझ." तर म्हणाले, "दिसतंय." मग थोड्या वेळानं, "कुठं?" मी म्हटलं, "दिव्यांवर." तर मान हलवून म्हणाले, "दिवे ओहायोतून येतात. ते आपण नाही केलेले." मला इतकं हसू आलं, आणि हसता हसता मी जी रडायला लागले ती अंधार पडेपर्यंत. त्यांनीही डोळे पुसले. लग्नात पुसले नव्हते, बुशा गेली तेव्हा पुसले नव्हते.

त्यानंतर आठवडाभर घरात मूग गिळून बसले. कामावर जातात, येतात, बस. हॉलमध्ये पाऊल टाकत नाहीत. लोक रस्त्यात भेटून काय काय म्हणतात, काहींनी टोपी काढली, काहींनी "मालकांचा कुत्रा" म्हटलं. कंपनीनं वय झालेल्यांना घरी बसायचा कागद धरलाय पुढं, सही करा आणि मासे पकडा. तुझा बाप आणि मासे! गळ टाकून तीन मिनिटं बसवत नाही त्याला. मला रात्रंदिवस एकच भीती, की ह्या माणसाच्या हाताला काम उरलं नाही तर वसंतात कारखान्याबरोबर हाही बंद पडेल. इथं सही करून घरी बसलेले दोन-तीन जण तसे गेलेत आत्ताच.

आणि मग काल. चर्चहून आलो, मी बटाटे सोलत होते, ते समोर बसलेले. खिडकीबाहेर बघत, जणू पाऊस येईल का विचारावं तसे म्हणाले, "रोमेकच्या तिथं दारं कोण बसवतं? माणसं का यंत्रं?" रोमेक, सात वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "मला काय ठाऊक! माणसं असली तर?" मग मेणकापडावर बोटानं रेघा ओढत म्हणाले, "तो तिथं माणसं निवडतो म्हणतेस ना. विचार त्याला. पण माझ्यासाठी म्हणून विचारू नकोस. ओळखीतलं कुणी आहे असं विचार. नको म्हणायला त्याला जड जायला नको." एवढं बोलून टोमॅटो उपटायला पळाले, काल जवळजवळ सगळे उपटून झाले होते तरी आज पुन्हा तिथंच आहेत. तेव्हा ते म्हणाले तसं, शब्द न शब्द विचारते. माझ्या ओळखीत एक माणूस आहे. वय अठ्ठावन्न. तापट आहे, हट्टी आहे, आणि कुणाची माफी कशी मागायची हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. दारं बसवतो. तुझ्या हाताखाली, तू सांगशील त्या पाळीला, तुमची टोपी घालून उभा राहायला तयार आहे. त्याला घ्याल का? उत्तर मला नको लिहूस. हो असो, नाही असो, पाकिटावर त्याचं नाव घाल.

तुझीच, काचा निघाल्या तरी बाही झटकत राहणारी,
आई